एका गुळगुळीत स्क्रूची गोष्ट



या वेळी ना पाककृती, ना उपवासाची तयारी. एका स्क्रूबद्दल लिहिणार आहे. तीळ जरा मोठा असतो म्हणावं एवढाच तो स्क्रू. पण त्याच्यामुळे मी दोन आठवडे एका घरची पायरी चढले नाही. त्याचीच ही गोष्ट. शेवटी तो कसा काढला तेही नीट लिहिते, कारण तुमच्याही घरी रिमोट, वजनकाटा, नातवाचं खेळणं असं काही ना काही अशाच एका स्क्रूपायी कपाटात पडून असणार.

माझ्याकडे एक मोठा, बारा आकडी कॅल्क्युलेटर आहे. १९९४ साली हे नगरहून घेऊन आले होते. मी बी.कॉम. असले तरी लग्नानंतर बारा-तेरा वर्षं वही-पेनाला हात लागला नव्हता. तेव्हा दुकानाची कीर्दखतावणी माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत हा कॅल्क्युलेटरही. तेव्हापासून घरखर्च, दुकान, मुलाच्या फीचे हप्ते, सगळं त्याच्यावरच. बटणांकडे न बघता बोटं चालतात. पडद्याकडेसुद्धा मी फक्त शेवटी, बरोबरचं बटण दाबल्यावर बघते. पुढे जे घडलं ते याच सवयीनं घडलं.

आमच्या महिला मंडळाचा हिशोब माझ्याकडे असतो. पर्युषणात जीवदयेसाठी वर्गणी गोळा होते. आपल्या बीडकडच्या भागात पाऊस कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून चाऱ्याचे पैसे आधीच जमवून ठेवतो. प्रत्येक गल्लीत एकजण फिरते आणि यादी व रोकड माझ्याकडे आणून देते. सिंदफणेच्या बाजूला राहणाऱ्या एक भाभी आहेत. नाव लिहीत नाही. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान आहेत, बोलतात कमी, काम चोख करतात. त्यांनी यादी दिली, खाली स्वतःच्या अक्षरात बेरीज होती, १४,८५०. मी नोटा मोजल्या. पाचशेच्या एकवीस, दोनशेच्या नऊ, शंभराच्या एकवीस, पन्नासच्या सात, वीसच्या पाच. कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. १४,३५०.

पुन्हा केली. पुन्हा १४,३५०.

दोनदा तोच आकडा आल्यावर शंकेला जागाच कुठे? स्थानकात संध्याकाळी आम्ही पाच-सहाजणी बसलो होतो. तिथेच मी म्हणाले, "भाभी, पाचशे कमी आहेत. घरी राहिले का बघा बरं." आवाज चढवला नव्हता, आरोपही केला नव्हता असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. पण ऐकणाऱ्या चौघी होत्या, आणि भाभींचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "बघते, काकीजी." दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा मुलगा शाळेत जाता जाता पाचशेची नोट देऊन गेला. मी ती नोट गठ्ठ्यात घातली आणि हिशोब जुळला म्हणून निश्चिंत झाले. संवत्सरीला सगळ्यांना खमतखामणा करून तेव्हा चार दिवससुद्धा झाले नव्हते.

सोमवारी बँकेत गेले. भाभींच्या गल्लीचा गठ्ठा वेगळाच बांधलेला होता. खिडकीतल्या मुलानं नोटा मशीनमध्ये टाकल्या, चिल्लर नोटा हातानं मोजल्या आणि म्हणाला, "मावशी, स्लिपवर चौदा आठशे पन्नास लिहिलंय. हे पंधरा तीनशे पन्नास आहेत." पाचशे जास्त. मला तिथेच घाम फुटला.

घरी येऊन आधी कागदावर बेरीज केली. १०,५००, १,८००, २,१००, ३५० आणि १००. एकूण १४,८५०. भाभींची रोकड पहिल्या दिवशीच पूर्ण होती. मग कॅल्क्युलेटर घेतला आणि बाराच्या बारा घरांत आठ भरले. तुम्हीही एकदा हे करून बघा, कॅल्क्युलेटर तपासायची याहून सोपी रीत नाही. पडद्यावरचा प्रत्येक आकडा सात छोट्या रेघांचा असतो आणि इंग्रजी आठात त्या सातही रेघा लागतात. एकही मेली असेल तर लगेच कळतं. माझ्या पडद्यावर अकरा आठ दिसले आणि शेकड्याच्या घरात तीन. त्या घरातल्या डाव्या बाजूच्या दोन उभ्या रेघा गेल्या होत्या. इंग्रजी आठाच्या त्या दोन रेघा गेल्या की उरतो तो इंग्रजी तीन. नऊचाही तीनच होतो. खरा तीन मात्र तीनच राहतो, म्हणून नजरेला काही खटकत नाही. बारीक बघितलं असतं तर मधल्या बेरजांतले चार, पाच तुटके दिसले असते. पण मधे मी पडद्याकडे बघतच नव्हते. आतली बेरीज बरोबर होत होती, दिसत फक्त चुकीची होती.

आता खरं तर पर्स उचलून तशीच भाभींकडे जायला हवं होतं. वाट दहा मिनिटांची. पण मी काय केलं? पाचशेची नोट पाकिटात घातली, पाकीट देवघराच्या फळीवर ठेवलं आणि कॅल्क्युलेटर उघडायला बसले. आधी दोष कुठे आहे ते सापडू दे, मग जाऊ, असं मनात म्हणाले. घड्याळवाल्याकडून कधीतरी आणलेला पाच बारीक पेचकसांचा डबा होता. मागच्या झाकणाचे सहा स्क्रू निघाले. आत हिरव्या पट्टीखाली पडद्याची काच होती आणि ती पट्टी चार इवल्या स्क्रूंनी दाबून बसवली होती. तीन निघाले. चौथा बटणसेलच्या खोबणीला लागून होता. सेल कधीतरी पाझरला होता आणि स्क्रूच्या डोक्यावर पांढरट हिरवा थर चढला होता. मी पेचकस टेकवला, फिरवला, तो घसरला. रागात होते. राग कुणाचा ते तेव्हा कळलं नाही. मनगटावर जोर देऊन पुन्हा फिरवला, तो पुन्हा घसरला. चार-पाच वेळा असं झाल्यावर चष्मा पुसून बघितलं तर डोक्यावरची फुली जाऊन तिथे गुळगुळीत वाटी झाली होती.

हे दुकानातून आले, बघितलं आणि म्हणाले, "जोर कमी नव्हता गं, टोक चुकलं." खरं होतं. बारीक पेचकसांनाही नंबर असतात. फुलीचा एक नंबर, त्याहून लहान शून्य, मग दोन शून्य, मग तीन शून्य. माझ्या स्क्रूला शून्य नंबर हवा होता आणि मी दोन शून्य लावला होता. लहान टोक फुलीच्या तळाशी जातं, फिरतंही, पण भिंतींना नीट टेकत नाही. मग जोर पडला की कडा खरवडल्या जातात.

फुलीच्या स्क्रूची खोडच तशी आहे. ही फुली अमेरिकेत पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांच्या नावानं ओळखली जाते. १९३६ साली त्यांना पेटंट मिळाली आणि त्याच सुमारास कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यात हे स्क्रू वापरात आले. फुलीमुळे पेचकस आपोआप मधोमध बसतो, म्हणून कारखान्यात काम भराभर होतं. पण फुलीच्या भिंती उतरत्या असतात. स्क्रू अडला की फिरवण्याचा जोर पेचकसाला वर ढकलतो आणि तो बाहेर येतो. म्हणून फिरवताना वरून दाबही तेवढाच द्यावा लागतो. त्यात आणखी एक गोम आहे. जपानी बनावटीच्या जुन्या वस्तूंमधली फुली दिसायला तशीच, पण घडण थोडी निराळी असते. तिला साधा फिलिप्स पेचकस नीट बसत नाही आणि हटकून घसरतो. अशा काही स्क्रूंच्या डोक्यावर ओळखीसाठी एक बारीक ठिपका असतो. रेडिओ, कॅमेरा, शिवणयंत्र उघडण्याआधी तो ठिपका जरूर शोधा.

मग घरगुती उपाय सुरू झाले. सायकलच्या ट्यूबचा तुकडा वाटीत ठेवून वरून पेचकस दाबून फिरवला. डोकं थोडं शाबूत असेल तर रबर खळग्यात भरतं आणि पकड येते. माझ्याकडे शाबूत काही उरलंच नव्हतं. चपट्या टोकाचा पेचकस आडवा लावून बघितला, तो निसटून हिरव्या पट्टीवर एक ओरखडा उठला. सूनबाई म्हणाली, "मम्मी, चिकटवायचा डिंक घालून पेचकस चिकटवू या का?" तो डिंक पसरून पट्टीवर गेला असता तर सगळंच संपलं असतं. घरातली पक्कड आणली तर तिचं तोंड त्या स्क्रूपुढे हत्तीच्या पायाएवढं.

बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो, त्याच्याकडे गेले. चांगला मुलगा आहे. भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "काकू, डोकं ड्रिलनं उडवावं लागेल. खाली सर्किट आहे. टोक सरकलं तर गेलं. त्यापेक्षा नवीन घ्या ना." नवीन घेण्यात काही अवघड नव्हतं, पण मन होईना. आमच्या गावाच्या नावातच कासार आहे. पितळेचं पातेलं फुटलं तर डाग लावून घ्यायचा, कल्हई करून घ्यायची, टाकून द्यायचं नाही, हे पाहत इथे माझी निम्मी हयात गेली. गरजेपुरतं घ्यावं आणि घेतलेलं पुरवावं, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. एका स्क्रूपायी तीस वर्षांची वस्तू टाकायची?

असं मी सगळ्यांना सांगत होते. हे एक दिवस ऐकून घेत होते, दोन दिवस ऐकून घेत होते. दहाव्या-अकराव्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "ते पाकीट अजून फळीवरच आहे. स्क्रू निघाल्यावर जाणार आहेस का त्यांच्याकडे?"

मी काही बोलले नाही. पण भाकरी घशाखाली उतरेना. कारण खरंच माझं तसंच चाललं होतं. कॅल्क्युलेटर दुरुस्त झाला, दोष हातात धरून दाखवता आला, की भाभींना सांगायचं, "बघा, हे यंत्र बिघडलं होतं." म्हणजे चूक यंत्राची ठरणार आणि मी सुटणार. पण यंत्रानं फक्त आकडा चुकीचा दाखवला होता. कागदावर एकदा बेरीज न करता, त्यांना बाजूला न घेता, चारचौघींत बोलायचं काम माझ्या तोंडानं केलं होतं. बी.कॉम.च्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की ताळा जुळत नसेल तर आधी आपली बेरीज तपासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू तसाच ठेवून पाकीट घेऊन गेले. भाभी ओट्यापाशी होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "तुमचे पैसे पूर्ण होते. मी चुकले. हे तुमचे पाचशे." त्यांनी पदराला हात पुसले, पाकीट घेतलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं माझ्याच हातून कुठे पडले. सगळं घर झाडून काढलं, काकीजी. सासूबाईंना सांगितलं नाही. भिशीतले घातले." मी मिच्छामि दुक्कडम म्हणाले. त्यांनीही हात जोडले. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "त्या दिवशी तिथे बाकीच्याही होत्या ना."

एवढंच म्हणाल्या. रस्ताभर ते एक वाक्य डोक्यात होतं. त्याच संध्याकाळी स्थानकात त्याच चौघी असताना मी उभी राहिले. नोटांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. सांगितलं की भाभींची रोकड रुपयासकट बरोबर होती, त्यांनी स्वतःचे पाचशे घातले आणि मी ते बँकेत कळूनही इतके दिवस घरात ठेवले. हे शेवटचं सांगताना आवाज कापला. कुणी काही बोललं नाही. भाभी खाली बघत होत्या, पण निघताना माझ्या चपला त्यांनी सरळ करून ठेवल्या होत्या.

आता स्क्रूकडे येते.

माझा भाचा पुण्यात आहे, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्याच कामात. त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. दोन आठवड्यांनी तो आला तेव्हा खिशातून एक लहानशी पक्कड काढली. म्हणाला, "मामी, ही आठ दिवस ठेव. पण तूच काढ, मी बघतो." ही जपानची पक्कड. ओसाकाच्या इंजिनीअर नावाच्या कंपनीची, नाव नेजीसॉरस. जपानीत नेजी म्हणजे स्क्रू, आणि सॉरस म्हणजे आपल्या डायनासोरच्या नावांतलं शेपूट. पकडीचं तोंड बाजूनं बघितलं की नाव का दिलं ते कळतं. हिचे लहानमोठे बरेच प्रकार आहेत, २००९ साली आलेला जीटी हा त्यातला गाजलेला. आमच्या हातातली मात्र बारीक स्क्रूंसाठीची छोटी होती.

साध्या पकडीत आणि हिच्यात फरक कशाचा, तर दातांचा. घरातल्या पकडीचं तोंड उघडून बघा. आतल्या रेघा आडव्या असतात, जबड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आडवी धरलेली तार किंवा पट्टी खेचायला त्या चांगल्या. पण स्क्रूचं डोकं समोरून, पक्कड उभी ठेवून धरलं आणि फिरवलं, तर डोकं त्या रेघांच्याच दिशेनं घसरत फिरतं. या पकडीच्या टोकाशी दात उभे आहेत, जबड्याच्या लांबीच्या दिशेनं. शिवाय टोकं आतून किंचित खोलगट आहेत. त्यामुळे डोक्याची गोल कड त्यात बसते आणि दात कडेत रुततात. वरची फुली राहिली आहे की गेली, याच्याशी या पकडीला काही देणंघेणं नाही. ती बाहेरून धरते.

तिची मर्यादाही सांगते. स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या वर आलेलं हवं. लाकडात किंवा पत्र्यात सपाट बुडालेलं डोकं तिला धरता येत नाही. खोल भोकाच्या तळाशी असलेला स्क्रूही नाही, कारण तोंडच आत जात नाही. माझ्या झाकणाचे सहा स्क्रू तसे खोल होते. ते गुळगुळीत झाले असते तर ही पक्कड काही कामाची नव्हती. आतला चौथा उघड्यावर होता, हे माझं नशीब.

काम कसं केलं ते क्रमानं लिहिते.

सगळ्यात आधी सेल काढला. बटणसेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर पोटात, घशात भाजतं, जिवावर बेततं. काढलेला सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून उंचावर ठेवायचा. मग कानकाडीवर लिंबाच्या रसाचा एक थेंब घेऊन स्क्रूवरचा थर पुसला. पाझरलेल्या सेलचा थर अल्कधर्मी असतो, तो आंबटानं सुटतो. भाच्यानं व्हिनेगर सांगितलं होतं, ते आमच्या घरात नसतं, लिंबानं काम भागलं. नंतर कोरड्या काडीनं आणि शेवटी स्पिरिटच्या काडीनं पुसून वाळू दिलं. ओल ठेवायची नाही. तेल घालायचं नाही, स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रुतलेला असेल तर तेलानं ते प्लॅस्टिक तडकू शकतं.

मग कॅल्क्युलेटर दुमडलेल्या पंचावर ठेवला, म्हणजे सरकत नाही. पक्कड अगदी उभी धरली. तिरकी धरली की एकच दात लागतो आणि कड सोलली जाते. दोन्ही जबड्यांत डोकं आलं हे भिंगातून बघितलं. आधी मूठ आवळली, मग फिरवलं. फिरवता फिरवता आवळायचं नाही. डावीकडे, घड्याळाच्या उलट, अगदी थोडंसं. वाटाण्याच्या शेंगेतून दाणा निघताना जसा बारीक आवाज होतो तसा टक आवाज आला. माझा श्वास अडकला होता. भाचा म्हणाला, "तुटला नाही, सुटला." पक्कड सोडून पुन्हा धरली, पुन्हा थोडं फिरवलं. पहिला पाव फेरा काय तो कठीण. त्यानंतर चिमट्यानंच फिरत फिरत वर आला आणि माझ्या तळहातावर पडला. एवढासा.

पट्टी उचलल्यावर कारणही दिसलं. काच आणि हिरवी पट्टी यांच्यामध्ये रबराची एक बारीक फीत असते. तिच्यात वीज वाहणाऱ्या काळ्या आणि न वाहणाऱ्या रबराच्या पातळ चकत्या एकाआड एक असतात. म्हणून तिला झेब्रा पट्टी म्हणतात. ती कशालाही डागलेली नसते, फक्त त्या स्क्रूंच्या दाबानं दोन्हीकडे टेकलेली असते. सेलचा थर एका टोकाला पोचला होता आणि दाबही ढिला पडला होता. म्हणून एका घरातल्या दोन रेघांपर्यंत वीज जात नव्हती. स्पिरिटनं ओलावलेल्या मऊ कापडानं फीत आणि तिच्या खालच्या रेघा पुसल्या. नखानं खरवडायचं नाही. जुना स्क्रू परत वापरायचा नाही, तेवढ्याच लांबीचा नवा घालायचा. लांब घातला तर पलीकडून काचेत घुसतो. चारही स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत बसवले. सेल घातला. बारा आठ भरले.

बाराच्या बारा आठ.

भाच्यानं जाताना दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुमच्यासाठी. फोनची बॅटरी फुगलेली असेल तर घरी कुठलंही हत्यार लावू नका, ती भोसकली गेली तर पेट घेते. आणि काही फोनांना मुद्दामच पाच पाकळ्यांचे वेगळे स्क्रू असतात, म्हणजे सहज कुणी उघडू नये. आपल्या सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. वस्तू कशी दुरुस्त करायची, सुटे भाग कुठे मिळतील, याची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी हा त्यामागचा हेतू. वस्तू टाकण्याआधी एकदा तिथे बघायला हरकत नाही.

ही पक्कड साध्या पकडीपेक्षा कितीतरी महाग आहे. प्रत्येक घरात हवी असं मी म्हणणार नाही. आपल्या मंडळात एक असली तरी सगळ्या गावाला पुरेल. पण शून्य आणि दोन शून्य नंबरचे चांगले पेचकस घरात ठेवा आणि स्क्रू घसरला की पहिल्याच वेळी हात थांबवा. पहिल्या घसरण्यात डोकं जात नाही. ते जातं दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वेळी, जेव्हा आपण टोक न बदलता नुसता जोर वाढवतो.

तो जुना स्क्रू मी टाकला नाही. मंडळाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटपट्टीनं लावून ठेवलाय. आता रोकड मोजायला माझ्यासोबत दुसरी कुणीतरी बसते, असा नियम मीच मांडला आणि सगळ्यांनी मान्य केला. परवा आयंबिलच्या ओळीचा हिशोब होता. भाभी आल्या, शेजारी बसल्या. मी नोटा काढायच्या आत त्यांनी कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला, बारा आठ भरले, चष्मा वर करून नीट बघितलं आणि माझ्याकडे सरकवला.

"हं, काकीजी. करा सुरू."